जमणं आणि पदरात पडणं

सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात दात बघणारी माणसं पाहावीत. आदत, दुसा, चौसा, जुळलेला: बैलाचा ओठ वर केला की वय कळतं. मग पाठीवरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून खूर कसा पडतो ते बघायचं. शेजारी दहा-बारा वर्षांचा नातू असतो. आजोबा म्हणतात, "घाल हात, काय करत नाय तो." पोरगं हात पुढं करतं, बैल मान झटकतो, पोरगं मागं सरतं, पुन्हा हात घालतं. असे चार-सहा सोमवार गेले की आजोबांच्या आधी तेच सांगतं, "चौसा हाय."

त्या पोराला जे मिळालं त्याला आपण घाईनं 'आत्मविश्वास' म्हणतो. शब्द फार सैल आहे. उद्या त्याला वर्गात फळ्यापुढे उभं केलं तर कदाचित तोंडातून शब्द फुटणार नाही. त्याला मिळालंय ते नेमकं आहे: बैलाचं वय मला ओळखता येतं. मानसशास्त्रात याला स्वक्षमतेची जाणीव म्हणतात. ही कल्पना अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली सविस्तर मांडली. बांडुरा स्वतः खेड्यातले. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मंडेर या लहानशा गावी 1925 साली जन्मले. शाळेत साधनं अपुरी आणि शिक्षक मोजकेच, त्यामुळे पोरांना बरंचसं आपलं आपणच शिकावं लागे. आयुष्यभर ते जे शोधत राहिले त्याची सुरुवात तिथे झाली असावी, असं मला वाटतं.

कल्पनेला आकार आला तो सापांमुळे. रात्री उसात दारं धरायला जाणाऱ्याला सापाची धास्ती असणं शहाणपणाचंच. पण 1960 नंतरच्या दशकात बांडुरांकडे आलेली माणसं सापाच्या नुसत्या विचारानं हवालदिल व्हायची, त्यांना स्वप्नंही सापाचीच पडायची. त्यांना भीतीचं मूळ खणायला लावलं नाही. आधी दुसऱ्यानं साप हाताळताना पाहायचं, मग सोबतीनं, हातमोजा घालून, शेवटी उघड्या हातानं. भीती गेलीच, पण बांडुरांना नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. कित्येक वर्षांची दुःस्वप्नं थांबली, आणि सापाशी काही संबंध नसलेल्या कामांतही ही माणसं धीट झाली. हातानं एक गोष्ट जमली आणि मन इतरत्रही मोकळं झालं. क्षमतेची जाणीव आणि मनाचं स्वास्थ्य यांचा धागा इथे स्पष्ट दिसला.

त्याच सुमाराला, 1967 साली, सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. काहीही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव आलेली कुत्री पुढे सुटका शक्य असूनही पडून राहत. त्यांनी त्याला 'शिकलेली असहायता' म्हटलं. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, या दोघांनीच आपलं म्हणणं उलटं केलं: लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे. मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. खचलेला माणूस बिघडलेला नसतो. त्याला तो धडा गिरवायला मिळालेला नसतो, किंवा गिरवलेला पुसला गेलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी 1989 मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले, त्यांत भोवतालची परिस्थिती हाताळता येणं हा एक धरला. तेव्हापासून क्षमतेची जाणीव आणि स्वास्थ्य या दोहोंचा संबंध तपासणारे अभ्यास देशोदेशी होत आले. संबंध आहे, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सोडवणं अवघड, कारण उदास माणसाला जमणारं कामही जमणार नाही असं वाटतं.

बेल्ह्यात बसून मला बांडुरांची आणखी एक गोष्ट सर्वांत जवळची वाटते. 'मला हे करता येईल' आणि 'केल्याचं फळ मिळेल' हे दोन विश्वास त्यांनी वेगळे ठेवले. 1982 च्या लेखात ते म्हणतात की क्षमता आहे, पण भोवताल दाद देत नाही, तेव्हा माणूस चिडतो, एकत्र येतो, भोवताल बदलायला बघतो. याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. जवळच्या आळेफाट्यावरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरच चाकण आहे. शेतकरी नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला स्वतः शेती करून खर्चाचा हिशेब मांडला, आणि 1980 पर्यंत चाकणचा कांदा उत्पादक रस्त्यावर उतरला होता. इतिहास त्याला भावाचं आंदोलन म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्या हिशेबानं मनाचंही एक काम केलं. तोटा तुझ्या आळसानं होत नाही, तुझ्या हातात खोट नाही, हे शेतकऱ्याला कुणीतरी आकड्यांत दाखवून दिलं.

म्हणून खचलेल्या शेतकऱ्याला 'आत्मविश्वास बाळगा' असं सांगणाऱ्या व्याख्यानांचा मला राग येतो. त्याची क्षमता शाबूत असते, फळ हिरावलेलं असतं. धोका पुढे आहे: हंगामामागून हंगाम तोट्यात गेले की दुसरं वाक्य पहिल्यात मिसळतं, 'पदरात काही पडत नाही'चं 'मलाच जमत नाही' होतं, आणि राग आत वळतो.

गेल्या उन्हाळ्यात कांदा साठवायच्या बराखीपाशी बसलेल्या एका तात्यांना विचारलं, "कसा काय कांदा?" त्यांनी एक उचलून हातावर फिरवला, पापुद्रा चोळून दाखवला.

"कांदा एक नंबर हाय," ते म्हणाले. "बाजारच्या पट्टीचं नको विचारू."