प्रारब्धाचा हिशेब आणि हातातला घास

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता आहे किंवा ते मतिमंद आहे असे निदान झाले, की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो उपचाराचा नसतो. आपल्याच वाट्याला हे का, असा तो असतो. उत्तरे द्यायला भोवतालची माणसे तयारच असतात. कुणी म्हणते, मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपायचे. ग्रहणात काही चिरले होते का, असे सुनेला विचारले जाते. सुशिक्षित घरांत तीच गोष्ट गोड करून सांगतात, की देव अशी मुले निवडक आईबापांच्याच पदरात घालतो. पहिले उत्तर आईबापांना दोषी ठरवते, दुसरे त्यांना मखरात बसवते, पण व्यवहारात दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. प्रकरण ते कुटुंब आणि देव यांच्यातले ठरते आणि बाकीचे सगळे मोकळे होतात. माझे म्हणणे असे, की कर्मसिद्धान्त मनापासून मानणाऱ्यालाही ही उत्तरे देण्याचा अधिकार त्या सिद्धान्तातून मिळत नाही. मिळते ती एक जबाबदारी, आणि अशा मुलाला सांभाळायचे कसे हे त्याच्या घरच्यांना शिकवणे हा तिचा पहिला भाग आहे.

वेदान्तात कर्माचा मुद्दा कुठे येतो ते पाहावे. जगात एवढी विषमता असेल तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात घेतला आहे. त्यावरचे उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्मांना धरून फळ देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात की जव हे बियाण्यावर ठरते. म्हणजे हा ईश्वराच्या बाजूने केलेला सर्वसाधारण युक्तिवाद आहे. अमुक घरातल्या तमुक मुलाने पूर्वी काय केले, याचा निकाल त्यातून निघत नाही. कर्माची गती गहन आहे असे गीताही म्हणते. बुद्धाने तर कर्मविपाकाचा नेमका हिशेब मांडणे हे विचारापलीकडच्या गोष्टींत टाकले, त्यामागे लागणाऱ्याच्या पदरी त्रासच येतो म्हणून. महाभारत उघडले तर आणखी वेगळेच दिसते. धृतराष्ट्र आंधळा जन्मतो तो अंबिकेने डोळे मिटले म्हणून. अष्टावक्राचे अंग वाकडे होते ते गर्भातून चूक दाखवणाऱ्या मुलावर बाप चिडला म्हणून. दोन्ही कथांत त्या मुलाचे गेल्या जन्मीचे पाप कारण म्हणून पुढे येत नाही. शिवाय अंबिकेच्या कथेत कारण सांगणारे खुद्द व्यास आहेत. शेजारच्या काकूंना ती दिव्यदृष्टी कुणी दिली, हे विचारायला हरकत नसावी. योहानाच्या शुभवर्तमानातही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो.

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही विभागणी मराठी माणसाला कीर्तनातून ठाऊक असते. प्रारब्धाबद्दल बोलायला सगळे पुढे येतात, क्रियमाणाची पाळी आली की बैठक पांगते. क्रियमाण म्हणजे इथे नेमके काय? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणे घ्या. बहुतेक घरांत मुलाला मांडीवर आडवे घेतात, मान मागे कलते आणि पातळ दूध किंवा वरणाचे पाणी तोंडात सोडले जाते. गिळण्याच्या स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाच्या श्वासनळीत त्यातले थोडे उतरते, वारंवार छातीचे दुखणे होते, आणि आई ते नशिबावर घालते. कुणी एकदा दाखवून दिले, की मुलाला पाठीला आधार देऊन सरळ बसवायचे, डोके मधोमध आणि किंचित पुढे ठेवायचे, आपण त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसायचे, घास लहान घ्यायचा, गिळून होईपर्यंत थांबायचे, आणि पुष्कळ मुलांना पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते, तर त्या घरातले जेवण बदलते. माया या आईकडे आधीही होती. मायेतून मानेचा कोन कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते नऊ वर्षांच्या अशा मुलांच्या पालकांसाठी असेच शिक्षण आखले आहे. त्यात पालकांची नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असतात. आपल्या शेजारी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांना शिकवण्याचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात छापून आले. 65 मुले होती, आणि शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रण करायचे आणि पालकाबरोबर बसून ते पाहायचे, ही पद्धत. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ उलट कमी झाला. म्हणजे ही जादू नाही, ही विद्या आहे, आणि विद्येला मर्यादा असतात.

आता आक्षेप. भोगांवरच्या श्रद्धेने आईबापांना बळ मिळत असेल तर ती का हिसकावायची? हिसकावू नये. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण आईने स्वतःशी म्हटलेले वाक्य आणि मावशीने तिला ऐकवलेले तेच वाक्य, यांत सांत्वन आणि आरोप एवढे अंतर आहे. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पालकांना शिकवा म्हणणे म्हणजे आधीच पिचलेल्या आईवर थेरपिस्टचे कामही टाकणे, आणि सरकारला तज्ज्ञ न नेमण्याची सबब देणे. हा धोका खरा आहे. शिकवण्या स्वस्त पडतात म्हणूनच त्या पसंत पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून ‘कुटुंब’ या शब्दाआड एकट्या आईला उभे करणे थांबले पाहिजे. बाप, आजी, आत्या, जमले तर वरच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगीही भरवायला शिकली, तर आईला संध्याकाळी दोन तास भजनाला जाता येईल. तज्ज्ञांची गरज यामुळे कमी होत नाही. उलट शिकलेले पालकच जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारतात, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले शीघ्र निदान व हस्तक्षेप केंद्र इथे आहे का, आणि त्यात फिजिओथेरपिस्ट का नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्माच्या कर्माच्या सिद्धान्ताला विचारलेला प्रश्न हाच होता. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे त्याचा उपयोग काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ते बोलत होते गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांबद्दल, पण व्हीलचेअरवरच्या मुलाला तो तंतोतंत लागू पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरानंतर काय, आणि आमच्यानंतर कोण, हे पालकांचे सर्वांत जुने भय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमता येतो. हा अर्ज कसा भरायचा हेही शिकवण्याच्याच यादीत येते. मग प्रश्न उरतो तो अर्जात पालक म्हणून नाव कुणाचे घालायचे. मूल देवाने निवडून दिले म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे त्यासाठी गेल्याशिवाय गत्यंतर नाही.