शंकूची सावली आणि इनामगावचे घर : कृतीतून येणाऱ्या ज्ञानाचे स्वरूप

प्राथमिक शाळेत इतिहास आणि विज्ञान कृतीतून शिकवावे, याविषयी शिक्षणविचारात आता फारसे दुमत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या योजनेतही हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया मानला होता. परंतु कृतीत मूल रमते आणि केलेले त्याच्या लक्षात राहते, एवढ्यावर समाधान मानले, तर हाताने केलेल्या कामातून मुलाला जे मिळते त्याला ज्ञान का म्हणायचे, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी न्यायदर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. यथार्थ ज्ञानाच्या साधनाला हे दर्शन ‘प्रमाण’ म्हणते आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानते. इंद्रियांना जे साक्षात कळते ते प्रत्यक्ष, एका खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत नेणारा तर्क म्हणजे अनुमान, साम्यावरून होणाऱ्या ओळखीचे साधन ते उपमान आणि विश्वासार्ह व्यक्तीचे म्हणजे ‘आप्ता’चे सांगणे म्हणजे शब्द. शालेय शिक्षण बहुतांशी शब्दावर चालते. कृती प्रत्यक्षाची भर घालते हे खरे; पण तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही.

दिशा ठरवण्याची जी रीत कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या संदर्भात सांगितली आहे, तिचे उदाहरण घेता येईल. सपाट अंगणात एक सरळ काठी, म्हणजे शंकू, ओळंबा लावून उभी करायची, तिच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ आखायचे आणि सावलीचे टोक सकाळी व दुपारनंतर ज्या दोन ठिकाणी वर्तुळाला टेकते तिथे खुंट्या ठोकायच्या; त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते. मुलांना प्रत्यक्ष दिसतात त्या दोन खुंट्या आणि एक रेघ. सूर्याचा मार्ग मध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे ती रेघ पूर्व-पश्चिम ठरते, हे मात्र अनुमान आहे. दुपारी ढग आले आणि दुसरी खूण हुकली, तर सकाळच्या एकट्या खुणेवरून काहीच ठरत नाही, आणि ही उणीव मुलाला कुणी सांगावी लागत नाही. हा प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो, हे विज्ञानाचे मोठे बळ आहे.

इतिहासाला हे बळ लाभलेले नाही. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. आधीच्या काळातील प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी पुढे लहान गोल झोपड्या आल्या, असे तिथल्या जमिनी आणि खांबांचे खळगे पाहून दिसते. पाऊसमान घटून आलेल्या हलाखीमुळे हे घडले असावे, असा तर्क पुरातत्त्वज्ञ मधुकर केशव ढवळीकर यांनी मांडला. वर्गातली मुले माती, काटक्या आणि गवत घेऊन अशा घराची प्रतिकृती करू लागली, की छपरापाशी त्यांना थांबावेच लागते, कारण खळगे सापडले तरी छप्पर टिकलेले नाही. ते किती उतरते करायचे आणि कशाने शाकारायचे, हे ठरवताना सापडलेले, तर्काने जोडलेले आणि केवळ कल्पिलेले यांतला भेद हाताखाली येतो. शिक्षकाने हे तीन भाग वेगळ्या रंगांनी दाखवायला लावले नाहीत, तर देखणी प्रतिकृतीही मुलाची दिशाभूल करू शकते, कारण आपण घडवलेले घर म्हणजेच तेव्हाचे घर, असे त्याला वाटू लागते.

म्हणून हाताने केले तेवढेच खरे, हा निष्कर्ष टिकत नाही. प्रत्यक्षाशिवाय दुसरे प्रमाण न मानणाऱ्या चार्वाकमताने चालायचे ठरवले, तर इतिहास हा विषयच उरणार नाही आणि विज्ञानही एका अंगणापुरते आक्रसेल. शब्दप्रमाण टाळता येत नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या शब्दावर आणि का विसंबायचे, हा. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे सांगून न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले आहे. अधिकार जन्मावर किंवा पदावर नव्हे, तर जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर उभा राहतो, हा या विवेचनाचा अर्थ शिक्षकालाही बांधून घेणारा आहे.

ज्या मुलाने स्वतः खुंटी ठोकली आणि जे छपरापाशी अडखळले, त्याला दुसऱ्याने केलेल्या मापनाचे मोल कळते आणि ते कुठे चुकू शकते हेही कळते. न्यायदर्शनाने संशयाला सोळा पदार्थांत, म्हणजे आपल्या विवेचनाच्या मूलभूत विषयांत, मानाचे स्थान दिले, कारण ज्याविषयी शंका आहे तिथेच विचार प्रवृत्त होतो. कृतीतून शिकवण्याचे खरे प्रयोजन मुलाला पुस्तकाच्या वा शिक्षकाच्या शब्दापासून तोडण्यात नाही; तो शब्द पारखून स्वीकारण्याची पात्रता त्याच्या अंगी आणण्यात आहे, आणि ही पात्रता वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच रुजवणे हे प्राथमिक शाळेचे पहिले कर्तव्य आहे.