विसावा आणि जू

अंगमेहनतीचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो, आणि त्याविषयी धर्मशास्त्राने काही सांगावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. परंतु वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी सून, कर्जाचे हप्ते फेडता फेडता केस पिकलेला शेतकरी, किंवा मुलास वळण लागावे म्हणून झटून अखेर हताश झालेला बाप, यांचा थकवा झोपेने उतरत नाही. सकाळी उठावे तो भार तेथेच असतो. मात्र तो उचलण्याची इच्छा मावळलेली असते. अशा वेळी श्रद्धेने काय करावे? ओझे उतरवावे, की ते वाहण्याचे बळ द्यावे? आणि बळ मिळाल्याचा केवळ भासच होत असेल तर?

कष्टी व भारावलेल्या लोकांस ख्रिस्ताने विसाव्याचे आश्वासन दिले, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसही ऐकून ठाऊक असते. त्याच्या उत्तरार्धाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विसाव्याचा शब्द काढल्याबरोबर ख्रिस्त थकलेल्या माणसास आपले जू मानेवर घ्यावयास सांगतो! दमलेल्या बैलास कोणी जू दाखवून विश्रांतीची आशा लावीत नाही. परंतु खानदेशातील कुणब्यास यातील मर्म सांगावे लागणार नाही. जू सामान्यतः दोघांचे असते. आणि नवा गोऱ्हा शिकवावयाचा तर त्यास मुरलेल्या बैलाच्या जोडीस जुंपतात. ओढावयाचे तेवढेच राहते, परंतु एकट्याने ओढावे लागत नाही. ख्रिस्ती विसाव्याचा आम्हांस कळलेला अर्थ हा असा आहे.

हा अर्थ परका नाही. जळगाव शहरात आता सामावून गेलेल्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो. ज्यांस पंढरीस जाणे घडत नाही ते तेथे दोरास हात लावतात, आणि चाकाखाली मोगरी घालणारे कसबी लोक रथ योग्य जागी थोपवितात व वळवितात. रथाचे वजन कोणासाठीही कमी होत नाही; ते वाटले जाते. भक्तीच्या वाटा निरनिराळ्या असल्या तरी थकलेल्या माणसाची ही भूक एकच आहे, असे आम्ही समजतो.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोर ओढणाऱ्यास शेजारचा मनुष्य दिसतो. ख्रिस्ताच्या जुवाखालील मनुष्यास आपला जोडीदार दिसत नाही. मग हा विसावा मनाची समजूत कशावरून नव्हे? त्याहून कठीण प्रश्न असा, की एकाला लाभलेला विसावा दुसऱ्याच्या मानेवर ओझे होऊन बसत असेल, तर त्यास विसावा म्हणावे काय?

हा प्रश्न पुस्तकी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 सालच्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. सत्याच्या शोधात वर्षानुवर्षे तळमळणाऱ्या त्यांच्या मनास ठाव सापडला. परंतु त्याच दिवसापासून लक्ष्मीबाईंचा ठाव गेला. पदरी लहान मुलगा, पती जिवंत असून दुरावलेला, आणि समाजाची दृष्टी सर्वदा अंगावर, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्या दिवसांतील त्यांचा शोक आणि संताप ठाऊक आहे. विनोदाच्या पदराआडही तो झाकत नाही. टिळकांच्या अंतःकरणास शांती लाभली एवढ्यावरून या अश्रूंचा हिशेब मिटतो, असे आम्हांस म्हणवत नाही. सद्गतीच्या ध्यासात घरच्या माणसास विसरण्याची चूक आपल्याकडील अनेक विरक्तांनीही केलेली आहे, आणि आपण त्यांची चरित्रे मोठ्या कौतुकाने वाचतो!

तथापि पुढचा भाग सोडून निवाडा करणेही योग्य नव्हे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या प्रथम आपले सोवळे सांभाळून. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, असे त्यांच्या स्वतःच्या विचाराने ठरले, आणि मगच 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचा विसावा त्यांनी उसना घेतला नाही, म्हणूनच तो त्यांस पेलला असावा. पुढे नगरास प्लेगच्या छावणीत याच बाईंनी रोग्यांची सेवा केली. विसावा खरा की भास, हे पाहण्याची आम्हांस ठाऊक असलेली कसोटी एवढीच आहे: तो लाभलेल्या माणसाच्या सावलीस दुसऱ्या कोणास बसता येते काय?

टिळकांच्या घरी अनेकांस बसता आले. 1907 साली जळगावास कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले. या मुलास टिळकांनी पुढे नगरास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. परंतु प्रेम मिळाले म्हणून विसावा मिळतोच असे नाही. आनंदाची गाणी गाणाऱ्या त्या कवीच्या मनात कारण न कळणारी उदासीनता घर करून होती. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून तो गेला. वय अवघे सत्तावीस. श्रद्धाळूंच्या घरी राहिल्याने श्रद्धेचा आधार आपोआप अंगी लागत नाही, हे कटू असले तरी नाकारता येत नाही.

अशा उदासीनतेपुढे आपण काय करतो? बहुधा उपदेश. बायबलातील एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून देवाजवळ मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास प्रवचन दिले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवला. त्याने खाल्ले, तो पुन्हा निजला, आणि देवदूताने त्यास पुन्हा उठवून खाऊ घातले. चाळीस दिवसांची वाट नंतर आली. प्रार्थना पुष्कळ झाली, आता थोडे जेवून नीज, असे म्हणणारी आजी प्रत्येक घरात होती; तिला हा अध्याय माहीत नसतानाही पुरता समजला होता. दुखण्यास वैद्य हवा असेल तेथे वैद्यच बोलवावा. त्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही.

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तेव्हा जेमतेम सुरू झाले होते. ज्या बाईंस कधीकाळी लिहिता-वाचता येणे हेच नवल होते, त्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात आणि वार्धक्यात ते अंगावर घेतले आणि 1936 साली मृत्यू येईपर्यंत त्या ते पुढे नेत राहिल्या. छंद ओवीचाच होता; पहाटे जात्यापाशी बसलेल्या बायका ज्यात आपला शीण उतरवितात, तीच ओवी.