सरबांध

आमच्या आज्ज्याचं एक म्हणणं होतं. माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, त्याच्या बांधावर जावं. घरात चहा सगळेच देतात. बांध किती ठेवलाय, त्यावरून माणूस कळतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडच्या खाली, सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या अंगाला. माझ्या लहानपणी आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या रानात सरबांध होता, चांगला चार हात रुंद. त्यावर दोन बाभळी, एक बोर आणि बाकी सगळं गवत. आमचं औत बांधाशी आलं की वळायचं, त्यांचं त्यांच्या अंगानं वळायचं. गवत कापायची पाळी ठरलेली, एक साल आमचं, एक साल त्यांचं. पावसाळ्यात वरच्या रानाचं पाणी बांधाला अडायचं आणि कडेकडेनं ओढ्याला जायचं. उन्हाळ्यात बाभळीखाली दोन्ही घरच्या भाकरी सुटायच्या. दोन हात त्यांचे, दोन हात आमचे. तेवढी जमीन दोघांनी पडीक टाकली होती, म्हणून बाकीच्या जमिनीला भांडण नव्हतं.

आज्जा गेला, ऊस आला, ट्रॅक्टर आला. आण्णा दर साली एक तास बांधात घालायचे. वीतभर जागा, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिकडून तात्यांची पोरंही तेच करत होती. आधी बोर गेली, मग बाभळी. बांध कोरत कोरत एका पावलावर आला. दोष आण्णांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. त्यांच्यामागं ट्रॅक्टरवाल्याला ‘जरा आत घे’ असं मीच सांगत आलो. मिळालं काय? दोन सऱ्या ऊस, आणि तात्यांच्या घराशी बोलणं बंद.

शेजाऱ्याशी केलं तेच आम्ही नदीशी केलं. काठाची मळी हा खरं तर नदीचा सरबांध. पूर ओसरला की तिथं वांगी, काकड्या लावायच्या, आणि पुढच्या पावसाळ्यात ती जागा नदीला परत द्यायची, हा जुना व्यवहार. आम्ही काठाचे करंज, जांभळी, उंबर तोडले आणि ऊस पार पाण्यापर्यंत नेला. शहरांनी तिथं घरं नेली. पाटबंधारे खात्याच्या नकाशात नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधू नये, दोन्हींच्या मधे जपून बांधावं, असा नियम. म्हणजे सरकारनं कागदावर बांध घातला होता, आणि आपण तोही कोरला.

2019 च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. त्या पुराला कारणं अनेक, पाऊस होता, धरणांतून सोडलेलं पाणी होतं, त्यावरचे वाद चालू राहतील. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. नदीच्या जागेत कुणी हौसेनं राहायला गेला होता, कुणी दुसरीकडं जागा परवडत नाही म्हणून. पाणी दोघांच्याही घरात शिरलं. पण पूर ओसरल्यावर ‘आता इथं राहायला नको’ असं म्हणायची सोय एकालाच होती. त्याच पावसात तात्यांच्या वरच्या रानाचं पाणी, अडवायला बांध नाही म्हणून, सरळ माझ्या उसातून गेलं आणि वरची माती घेऊन गेलं. पण माझी माती गेली म्हणून मी रडणं म्हणजे चोरानं कुलूप कच्चं होतं म्हणण्यासारखं.

माझी थोरली बहीण पाटणकडच्या डोंगरात दिली आहे. 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांवर तो उभा आहे. गाभा सुमारे 600 चौरस किलोमीटर, आणि भोवती बफर सुमारे 565. तिच्या गावात म्हाताऱ्या बायाही ‘बफर’च म्हणतात. ‘आमी बफरातली माणसं,’ असं सांगतात. गाभ्यातली कितीतरी गावं उठून सपाटीला आली. बफरातली जागेवर राहिली. शेती करता येते, पण पीक घरात येईल याचा नेम नाही.

एकदा मी तिच्या अंगणात बसून जंगल वाचलं पाहिजे वगैरे बोलत होतो. आक्का नाचणी पाखडत ऐकत होती. मग म्हणाली, “वाघ जगावा असं मला बी वाटतं रं. जंगल हाय म्हणून तुमच्या नदीला पाणी हाय. पर त्या जंगलाचं कुंपण म्हंजे माझं रान. गवा रातीत येतो, सकाळी ताटं बी दिसत न्हाईत. तुमच्या उसानं काय सोडलं त्या वाघासाठी?”

दाजी हसले, मी हसलो नाही. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि आमच्या पाइपातून उसाला जातं. जंगलाचा फायदा खालपर्यंत येतो, आणि बांधाला जमीन मात्र एकट्या आक्काची जाते.

मागं वळून बघितलं तर हे नवं नाही. तिच्या गावावरून त्याच जंगलातल्या वासोट्याकडं बोट दाखवतात. गडाभोवतीची झाडी राखावी, तोडू देऊ नये, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही सांगितलं आहे. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, बेरड यांच्या चौक्या असत. शत्रू आला तर पहिला घाव त्यांच्यावर. तेच गावात. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आपल्याला पाठ आहे. रात्रीची गस्त बाहेरच्यानं घालायची, आणि त्यानंच वेशीतून आत येताना अंग चोरायचं. त्या माणसांना आपण गावाचा बांध केला आणि बांधावरचं गवतही त्यांना पोटभर दिलं नाही.

मग न्यायाचा बांध असतो तरी का? एक गोष्ट आठवते. आमच्या भागात घराघरात फौजी. लहानपणी गावातले एक निवृत्त सुभेदार कोरियाची गोष्ट सांगायचे. 1953 च्या जुलैत तिथं लढाई थांबली, तेव्हा दोन्ही फौजा रेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागं सरल्या आणि मधला चार किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवला. मायदेशी जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना त्या पट्ट्यात सांभाळायला भारतानं फौज पाठवली. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. सुभेदार हे सांगताना दोन्ही हात मागं ओढून दाखवायचे, “ह्यो बी मागं, त्यो बी मागं.” त्या पट्ट्यात आता हिवाळ्यात क्रौंच उतरतात म्हणे. पट्ट्यानं तुटलेली घरं जोडली नाहीत, हेही खरं. पण जागा दोघांनी सोडली होती. आमच्या सरबांधाचाच हिशेब तो.

मला एवढंच कळलंय. मधली जागा लागतेच, शेताला, नदीला, रानाला, माणसांनाही. पण ती कुणाच्या वाट्यातून काढली, हे आधी विचारावं. ज्याचं रक्षण होतं त्यानं आपलेही दोन हात सोडले असतील तर तो बांध. नसतील तर ती दुसऱ्याची जमीन खाणं, नाव काही द्या.

यंदा नांगरटीच्या वेळी मी ट्रॅक्टरवाल्याला दोन हात अलीकडंच वळायला सांगितलं. त्याला वाटलं, माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी तात्यांचा थोरला बांधावर आला. दहा-बारा वर्षांनी पहिल्यांदा बोलला.

“काय आप्पा, मोजणी आणताय का काय?”

“न्हाई. आमचे दोन हात सोडलेत.”

तो बराच वेळ नांगरलेल्या कडेकडं बघत राहिला. मग म्हणाला, “आन गवत कुणाचं?”

“एक साल तुमचं, एक साल आमचं. यंदा तुमचं.”

त्यानं त्याचे दोन हात अजून सोडलेले नाहीत. गवत मात्र येऊन कापून नेलं. आक्काला द्यायचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. दिवाळीला ती येईल तेव्हा आधी तिला या बांधावर आणीन म्हणतो.