राग येतो, हात कोण उगारतो?



मुलाला मारून झाल्यावर आपण म्हणतो, "रागाच्या भरात हात उचलला गेला." या वाक्यात राग आहे, हात आहे, हात उचलणारा मात्र कुठेच नाही. आता या पळवाटेला विज्ञानाचाही आधार दिला जातो: "राग म्हणजे शरीरातले रसायन, त्याला मी काय करणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अल्लाहच्या दरबारात द्यावयाचा हिशेबच त्यात पणाला लागला आहे.

प्रथम विज्ञानाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकू या. राग किंवा भय दाटले की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन स्रवतात. हृदय धडधडते, यकृत साखर मोकळी करते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते. १९०१च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य जनावरांच्या ग्रंथींतून शुद्ध रूपात मिळवले आणि ते माणसांसाठी औषध ठरले. कारण द्रव्य एकच. कुत्र्यासमोर अंग फुगवणाऱ्या मांजरातही तेच, माशातही तेच. कीटकांत त्याच्या जवळच्या नात्याचे ऑक्टोपामाइन असते. हे साम्य सजीवांच्या प्राचीन, सामाईक वारशातून आले, असे जीवशास्त्र सांगते.

या नात्याने श्रद्धावंताने बिचकण्याचे कारण नाही. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असा सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीचा आशय आहे.

मग मांजराला आपण दोषी धरत नाही, माणसालाच का धरतो? याचे उत्तर आपल्याच वागण्यात आहे. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांनी अपमान केला की हेच अ‍ॅड्रेनलिन उसळते. तिथे मात्र हात खालीच राहतो. घरी, दुबळ्यासमोर, तो उठतो. रसायन तेच असताना हात एके ठिकाणी थांबतो, याचा अर्थ थांबवणारा कोणीतरी आहे. ज्याची बुद्धीच हरपली आहे, त्याला शरीअत जबाबदार धरत नाही; पण माणूस पाहून आवरणारा राग हा बुद्धी हरपल्याचा पुरावा नव्हे.

कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा बलवान, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. राग आला तर उभा असलेल्याने बसावे, तरीही न शमल्यास आडवे व्हावे, मौन धरावे, असेही त्यांनी सांगितले. ही शिकवण शरीर नाकारत नाही. शरीराला थांबण्याची सवय लावते. रक्तातले अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ हीच आपली परीक्षा.

आपली मराठी हा भेद नेमका जाणते. "मला राग आला" यात कर्ता राग आहे. "मी मारले" यात कर्ता मी आहे. जे येते त्याचा हिशेब नाही. जे केले त्याचा आहे.

म्हणून पुढच्या वेळी हात उठला, तर "उचलला गेला" म्हणू नका. माणसांचे हक्क, हुकूकुल-इबाद, ज्याचे त्यानेच माफ करावयाचे असतात. आणि मूलही माणूसच आहे. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "मी मारले. माझे चुकले."

अल्लाह आपणा सर्वांना सब्र देवो. आमीन.