श्रद्धेचा कैवार कसा घ्यावा?

वाचकहो, आपल्या श्रद्धेविषयी कोणी प्रश्न केला असता तिचे समर्थन करणे हे प्रत्येक कॅथॉलिक ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नसावे. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध राहावे, असे सांगितले आहे. मात्र हे उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे, अशी अटही त्याने तेथेच घातली आहे. आज्ञेचा पूर्वार्ध आपल्याला पाठ असतो. उत्तरार्ध वादाच्या भरात विसरला जातो. म्हणून एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो: सत्य आपल्या बाजूला आहे, एवढ्यावरून वादात कसेही वागण्याची मुभा मिळते काय?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझी काकी वारली. तिचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, त्याआधीच कॅथॉलिक ख्रिस्तसभा सोडून एका प्रार्थनामंडळीत जाऊ लागला होता. महिन्याच्या मिस्साला येण्यास त्याने नकार दिला. ‘ख्रिस्ताचे रक्त आईला पुरेसे नव्हते काय? मग आता तिच्यासाठी प्रार्थना कशाला?’ असे त्याने घरच्या मंडळींदेखत विचारले. मी तयारीतच होतो. मक्काबी वंशाच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय, आद्य ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थना, धर्मपरिषदांचे निर्णय असे एकामागून एक पुरावे मी त्याच्यापुढे मांडले. तो निरुत्तर झाला. खाली मान घालून तो उठला आणि निघून गेला. जमलेल्या नातलगांनी माझी प्रशंसा केली. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच्या बहिणीकडून कळले की, ‘आई आगीत होरपळते आहे असे तुम्ही म्हणता, ते मला सहन होत नाही,’ असे तो त्या रात्री तिच्यापाशी रडत म्हणाला होता.

तो वाद करीत नव्हता. आपल्या आईचा ठावठिकाणा विचारीत होता. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले, आणि विचारलेला प्रश्न ऐकलाच नाही.

यात माझी पहिली चूक तर्काची होती. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या पवित्र शास्त्रात मक्काबींचे ग्रंथ प्रमाण मानले जात नाहीत. जो ग्रंथ समोरचा प्रमाण मानीत नाही, त्याच्या आधारे त्याला पटवावयास जाणे व्यर्थ होय. संत थॉमस अक्वायनस यांनी हे तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे: प्रतिपक्ष जे प्रमाण मानतो, त्यावरून युक्तिवाद करावा. शिवाय आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते प्रतिपक्षाचे आक्षेप मांडतात आणि मगच आपले उत्तर देतात. आक्षेप दुबळा करून खोडणे सोपे असते, परंतु त्यात सत्याची सेवा नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. ख्रिस्तसभा काय शिकविते, हेच मी त्याला सांगितले नाही. १५६३ साली ट्रेंट येथील विश्वपरिषदेने शुद्धिस्थानाविषयी जो निर्णय दिला, तो अत्यंत मोजका आहे: शुद्धिस्थान आहे, आणि तेथील आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांनी व विशेषतः मिस्साबलिदानाने साहाय्य होते. आगीची वर्णने त्या निर्णयात नाहीत. उलट सामान्य जनांपुढील प्रवचनांत अवघड व सूक्ष्म प्रश्न आणू नयेत, असे तेथे बजावले आहे. शुद्धिस्थानातील आत्म्यांचे तारण निश्चित झालेले असते. ख्रिस्ताच्या रक्तात उणीव असते म्हणून आपण प्रार्थना करतो असे नव्हे. त्याच रक्ताने जोडलेली माणसे मृत्यूनेही एकमेकांपासून तुटत नाहीत, म्हणून प्रार्थना करतो. संत मोनिका ३८७ साली ओस्तिया येथे मरणशय्येवर असताना, आपले शरीर कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण करा, असे तिने आपल्या मुलांना सांगितले. संत ऑगस्टिनने हे स्वतः लिहून ठेवले आहे. आईवेगळ्या झालेल्या मुलाला सांगण्याजोगी ही गोष्ट माझ्यापाशी होती. ती मी त्याला सांगितली नाही.

कोणी म्हणेल, ‘अशा मवाळपणाने सत्यच पातळ होईल.’ ही भीती निराधार नाही. घरातील शांतता राखण्यासाठी श्रद्धेविषयी गप्प बसणे हेही प्रेम नव्हे. पुष्कळदा तो निव्वळ भित्रेपणा असतो. परंतु दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घेणे म्हणजे त्याला शरण जाणे नव्हे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या आरंभी सांगितलेला क्रम पाहा: शेजाऱ्याच्या विधानाचा शक्य तो चांगला अर्थ घ्यावा, तसा अर्थ लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे असे त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. यात सुधारणे वगळलेले नाही, पण त्याचा क्रमांक तिसरा आहे. आपण मात्र पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून थेट तिसरीवर उडी घेतो.

या उतावळेपणाची किंमत ख्रिस्ती इतिहासाने मोजली आहे. १५४१ साली रेगेन्सबुर्ग येथे कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट पंडितांचे, मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो या प्रश्नावर एका मसुद्यापुरते एकमत झाले होते. पण इतर मुद्द्यांवर बोलणी फिसकटली, आणि तो मसुदाही ना ल्यूथरला रुचला, ना रोमला. पुढे दोन्ही बाजू ‘विश्वास’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरीत राहिल्या: ल्यूथरच्या मनात ख्रिस्तावर टाकलेला संपूर्ण भरवसा होता, आपल्या पंडितांच्या मनात सत्याला दिलेली मान्यता होती, आणि ती प्रीतीने परिपूर्ण व्हावी लागते असे ते म्हणत. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथॉलिक ख्रिस्तसभा व ल्युथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात मांडलेल्या ल्युथरन शिकवणुकीला ट्रेंटचे निषेध लागू पडत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. ट्रेंटची शिकवण कोणी मागे घेतली नाही. मतभेदही सगळे मिटले नाहीत. पण एकमेकांचे म्हणणे नीट ऐकावयास साडेचारशे वर्षे लागली!

आता थोडे आपल्याच घरात पाहू. परक्याशी आपण निदान सभ्यपणे बोलतो. स्वजनांशी मात्र वाद करताना जिभेला हाड राहत नाही. प्रभुभोजन हातावर घ्यावे की जिभेवर, मिस्सा कोणत्या भाषेत व कोणत्या चालीरीतीने व्हावी, अशा प्रश्नांवरून एक कॅथॉलिक दुसऱ्याला पाखंडी ठरवितो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस देवाची कृपा व मानवाचे स्वातंत्र्य यांविषयी डोमिनिकन व येशूसंघीय पंडितांत असाच कडाक्याचा वाद पेटला. एकाने दुसऱ्याला पेलेगियसचा अनुयायी म्हणावे, दुसऱ्याने पहिल्याला कॅल्विनचा! रोममध्ये सुमारे दहा वर्षे चौकशी चालली. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही मते बाळगण्यास मुभा दिली, आणि परस्परांवर निषेधाचा शिक्का मारण्यास मनाई केली. ख्रिस्तसभेने जे मोकळे ठेवले आहे, ते आपण बंद करणे ही निष्ठा नव्हे. जो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत स्वतःची भर घालून तिचा कैवार घेतो, तोही तिचा विपर्यासच करतो.

तेव्हा, वाचकहो, वादाला तोंड फुटण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारू या. समोरच्याचे म्हणणे मी त्यालाच मान्य होईल अशा शब्दांत सांगू शकतो काय? मी ज्याचा कैवार घेतो आहे ती ख्रिस्तसभेची शिकवण आहे, की माझे मत? आणि हा वाद मी जिंकलो, तर या माणसाला काय मिळणार आहे?

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्याला देता येईल. सत्य आपल्या बाजूला असल्याने मुभा वाढत नाही, जबाबदारी वाढते; कारण आपल्या बोलण्यावरूनच ऐकणारा त्या सत्याची पारख करीत असतो. माझ्या चुलतभावाला मी पुढे पत्र लिहिले. त्यात एकही वचन उद्धृत केले नाही. आधी क्षमा मागितली, मग मोनिकेची गोष्ट सांगितली. तो आमच्या ख्रिस्तसभेत परतलेला नाही. मात्र गेल्या पुण्यतिथीला तो काकीच्या कबरीपाशी आला, आणि मी प्रार्थना म्हणत असताना डोके झाकून नव्हे, डोळे मिटून माझ्या शेजारी उभा राहिला. त्याच्या मनात त्या वेळी काय होते, ते मी विचारले नाही. या खेपेस ऐकण्याची पाळी माझी होती.