कमरेचा एक इंच
सुरी नाही, सुई नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी पोटावरची चरबी उतरते, असे कोणी सांगितले तर आपल्यातले म्हातारे म्हणतील, "काय तरी सांगता राव!" पण गोष्ट खरी आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी, भिंगाने ऊन एका ठिपक्यावर धरावे तशा, कातडीखाली सेंटिमीटरभर खोल एका जागी आणतात. वरची कातडी शाबूत राहते. आतल्या चरबीच्या पेशी मात्र ५६ अंश सेल्सिअसच्या वर तापून क्षणात मरतात. मग शरीरातलेच झाडूवाले दोनतीन महिने तो कचरा हळूहळू वाहून नेतात.

विद्येला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. इलिनॉय विद्यापीठातले विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय हे बंधू १९५० नंतरच्या दशकात ह्याच लहरी घेऊन मेंदूच्या खोल भागापर्यंत पोहोचले. २०१६ साली अमेरिकेत हातांच्या कंपावर हा उपचार मान्य झाला. ज्याला पाण्याचा पेला ओठापर्यंत नेता येत नव्हता, तो कवटी न उघडता पाणी पिऊ लागला. अशा विद्येला आम्ही हात जोडतो.

मग अडते कोठे? २०११ साली त्याच देशात लिपोसोनिक्स नावाच्या यंत्राला परवानगी मिळाली, ती कमरेचा घेर कमी करण्यासाठी, रोगासाठी नव्हे. चाचणीत घेतलेले १८० लोक लठ्ठ म्हणावेत असे नव्हतेच. ज्याचे गुडघे वजनाने धरले आहेत, जिना चढताना ज्याला धाप लागते, त्याच्यासाठी हे यंत्र नाही. आतड्यांभोवतीची जी चरबी खरी घातक, तिला ते शिवतसुद्धा नाही. म्हणजे औषध आहे, पण ज्याला दुखणे नाही त्याला! लाभ किती, तर सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचभर. आणि गंमत अशी, की ज्यांच्यावर नुसते उपचाराचे सोंग केले, त्यांचीही कंबर दीडेक सेंटिमीटर उतरली.

कोणी विचारील, नटणे पाप आहे काय? नाही हो. आम्हीही बुक्का लावताना आरशात पाहतो आणि फेटा वाकडा असला तर पुन्हा बांधतो. बाळंतपणानंतर पोट सुटलेल्या बाईला "देहाचा मोह सोड" म्हणणे फार सोपे. तिला हसणारेही आपणच असतो. तिच्या इच्छेत आम्हांस दोष दिसत नाही.

आमचा प्रश्न वैद्याला आहे. निरोगी माणूस दारात आला, आणि तुम्ही त्याला वेदना देणार. कारण हा उपचार दुखतो, सूज येते, काळेनिळे डाग पडतात. रोग असता तर वेदनेचा हिशेब रोगाशी लागला असता. येथे तो लाजेशी लावायचा, आणि ती लाज वाढवली कोणी? भिंतीवर सडपातळ बाईचे चित्र लावून दुकान मांडणारानेच ना? तेव्हा हात लावण्यापूर्वी वैद्याने स्वच्छ सांगावे : वजन उतरणार नाही, तब्येत सुधारणार नाही, फार तर इंचभर घेर जाईल, आणि खाणे तेच राहिले तर उरलेल्या पेशी पुन्हा फुगतील. हे न सांगता पैसे घेणे म्हणजे आमच्या मते सरळ चोरी.

सगळे ऐकूनही ती "करा" म्हणाली तर? आमच्यातले एक वृद्ध म्हणतात, तरीही वैद्याने नकार द्यावा. आम्हांस तसे वाटत नाही. ह्या एका गोष्टीवरून आमचे दोन संध्याकाळ भांडण चालू आहे.